तांबडा थर

चिंचपाड्याच्या चर्चच्या हॉलवर कापडी फलक लागला:
पृथ्वीचं खरं वय. शनिवारी दहा वाजता. जेवणाची सोय आहे.
बाबा म्हणाले, मला घेऊन चल.

मी नवापूरला दहावीला विज्ञान शिकवते.
फळ्यावर शून्यं काढून काढून खडू संपतो माझा.
काय आहे तिथं, मी म्हटलं,
सहा हजार वर्षं म्हणतील आणि डाळभात वाढतील.
बाबांनी धुतलेला सदरा घातला
आणि स्कूटीच्या मागे जाऊन बसले.

चाळीस वर्षं त्यांनी विहिरींना सुरुंग लावले.
डावा कान त्यातच गेला.
म्हणून पहिल्या रांगेत, उजवा कान वक्त्याकडे करून,
शाळेतल्या पोरासारखे ताठ.

हॉल भरला होता.
रिबकामावशी आली होती, तिचा योनाथान सुरतेला शिकून आल्यापासून
जेवणाआधी डोळे मिटत नाही.
वळव्यांची तरणी पोरं नुसती पंख्याखाली बसायला आली असावीत.
पाळकसाहेबांना वरून पत्र आलं होतं.
दवाखान्यातला जुना कंपाउंडर ओबेद
मागच्या भिंतीला टेकून सगळं वहीत उतरवत होता, का ते देव जाणे.

नगरकडचे ब्रदर भिंगारदिवे, आधी इंजिनियर,
पडद्यावर डोंगर दाखवत होते:
हे सगळे थर एकाच पुरात बसले, एका वर्षात.
मी ओठ चावून बसले.

मग बाबांनी हात वर केला.
मला घाम फुटला.
मरण कधी आलं, त्यांनी विचारलं.
पापानंतर.
त्याआधी?
नव्हतं, काका.
लहान लेकराचंही?
ब्रदर थांबले. कागद खाली ठेवला.
नव्हतं, म्हणाले. सुरुवातीला नव्हतं ते.

बाबा खाली बसले.
त्यानंतरचं त्यांनी काही ऐकलं नाही,
उजवा कानही त्यांनी खिडकीकडे वळवला होता.

येताना करंजीच्या पुढे गाडी थांबवायला लावली.
त्यांनीच खोदलेली विहीर. उन्हाळ्याने तळ दिसत होता.
बघ, म्हणाले, काळा दगड, मग तांबडा थर, मग परत काळा.
तांबड्यावर पाणी थांबतं.
हा पुरातला गाळ नाही, बाई. हा भाजलेला आहे.
खालचा आधी निवला, त्याची माती झाली,
मग वरून दुसरा विस्तव आला.
त्या माणसाला दगडातलं काही कळत नाही.

मग टाळ्या का वाजवल्या?

दगडासाठी थोडाच गेलो होतो.

तिमथी नऊ वर्षांचा होता.
रात्रभर सांधे धरून ओरडायचा,
बाबा त्याच्या गुडघ्यांना गरम वाळूची पुरचुंडी लावायचे.
सिकलसेलचं कार्ड अजून ट्रंकेत आहे, त्याच्या स्वेटरच्या घडीत.
त्याला पुरून आल्यावर, मी नवीनच बी. एड. झालेली,
बाबांना समजावलं होतं:
रक्तातला हा विळा टिकला कारण
ज्याच्यात तो अर्धाच असतो त्याला हिवताप सहसा मारत नाही.
दोन्हीकडून आला, की मग असं होतं.
वहीत चौकोन काढून दाखवले.
किती छान समजावलं होतं मी.

बाबांनी चौकोनांवरून बोट फिरवलं.
म्हणजे बाकीचे जगावेत म्हणून हा?
हो, तसंच काहीसं.
हे कुणी ठरवलं?
कुणीच नाही, बाबा.

त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी मला विज्ञानाचं काही विचारलं नाही.

विहिरीत खडा पडला. बऱ्याच वेळाने वाजला.
चल, म्हणाले, अंधार पडेल.

सोमवारी वर्गात तोच धडा होता.
मी चौकोन काढले, एकात विळा अर्धा काढला.
पोरं उतरवून घेत होती.
मी सांगितलं नाही की हा चौकोन माझा आहे,
की मला लहानपणी दोनदा हिवताप आला
आणि दोन्ही वेळा
मी वाचले.