सुरगाणा ते पिंपळगाव

पॅकहाउसच्या दारात, चपला काढायच्या जागेवर,
ती निळी बाटली मीच बसवून घेतली भिंतीत.
पोटावर ढालीचं चित्र
आणि नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के.
उरलेला पूर्णांक एक कुठं जातो,
सोमीबाई भोयेनं विचारलं.
मी रजिस्टर छातीशी धरून हसले.

द्राक्षं बघणारे वेगळे.
मण्यांचा घेर, साखर, देठाचा हिरवेपणा त्यांच्याकडे.
माझ्याकडे बायकांचे हात.
ओला बोळा तळव्यावरून, नखांच्या कडेनं फिरवायचा,
ताटलीतल्या थरावर रेघ ओढायची,
झाकण, नाव, तारीख,
आणि विरजणासारखं ठेवून द्यायचं उबेत.

तिसऱ्या दिवशी ताटल्या बोलायला लागतात.

निळ्या बाटलीवाल्यांच्या
मोतीचुरासारख्या भरलेल्या.
त्यांना तरी काय बोलू?
एकदा दाबलं, वास घेतला, चोळल्यासारखं केलं,
मुकादमाची शिट्टी झाली, हात पदराला.
ढाल आहे म्हटल्यावर
लढायचं कोणी?

सोमीबाईच्या ताटलीत तीन ठिपके.
तिचा साबण म्हणजे धुण्याच्या पिवळ्या वडीचं टोक,
कांद्याच्या गोणीच्या लाल जाळीत बांधून
नळाला लटकवलेलं.
मी मागे जाऊन उभी राहिले.
अंगठा मुठीत फिरत होता,
बोटांच्या बेचक्यात बोटं जात होती
आणि ओठांवर सुरगाणा, बोरगाव,
करंजखेड, वणी,
खेडगाव, जोपूळ.
पिंपळगाव आलं तेव्हा तिनं नळ सोडला.

"एसटीत बसल्यावानी धुवायचं ताई.
मधीच उतरायचं नाही."

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं.
साबण मारायच्या भानगडीत फारसा पडत नाही,
एका हातानं तेलकट मळ धरतो, दुसऱ्यानं पाणी,
आणि त्यांच्यातल्या बिऱ्हाडकरूंना सामानासकट
मोरीच्या वाटेनं बाहेर काढतो.
त्याला फक्त वेळ लागतो.
आणि नळाला पाणी.
ठाऊक असून मी बाटली घेतली.

कारण सिव्हिलमध्ये अण्णांच्या पायाची जखम
एका औषधाला हसली, मग दुसऱ्याला.
जंतू सरावलेत, डॉक्टर म्हणाले,
जसं आपण म्हणतो, पोरं सरावलीत माराला.
पाय राहिला. दोन बोटं नाही राहिली.
त्यानंतर मी घरात, पर्समध्ये, कामावर
जिथं तिथं ढाल विकत घेत सुटले.
रोजच्या द्राक्षाच्या चिकाला, धुळीला,
नुसत्या भाकरीच्या पिठाला
तेच हत्यार.
आपणच त्यांना सराव देतोय का,
हा प्रश्न मी बाटलीमागे ठेवला होता,
भिंतीकडे तोंड करून.

साहेबांना ताटल्या दाखवल्या.
चार ताटल्यांवरून शास्त्र होत नाही, ते म्हणाले,
आणि त्यांचं बरोबर होतं.
शिवाय खरेदीदाराच्या यादीत
'जंतुनाशक' हा शब्द आहे.
बाटली राहिली.
तिच्याखाली आता सात जाळ्या लटकतात,
कुणी त्या मागितल्या नव्हत्या,
आणि पाण्याची टाकी दुपारी दोनला संपते
ती संपतेच.

फॉर्मवर रकाना होता, संपर्काची वेळ.
मी सेकंद लिहिले, वीसच्या पुढचे,
आणि बाजूला पेन्सिलीनं
सुरगाणा ते पिंपळगाव.
साहेबांनी खोडलं नाही. बहुतेक वाचलंच नसेल.

रात्री घरी मोरीत उभी राहते.
अण्णा आतून विचारतात, कोणाशी बोलतेस?
सीबीएस, शालिमार, रविवार कारंजा,
पंचवटी कारंजा, निमाणी.
आमचा प्रवासच आखूड,
फेस नीट यायच्या आत घर येतं.
मग मी उतरत नाही.
त्याच गाडीनं परत सीबीएसला जाते.