पेव उघडताना

शाळेच्या दाखल्यावर माझा जन्म एक जूनचा.
आमच्या वर्गातल्या एकोणीस जणांचा त्याच दिवशीचा.
दानोळे गुरुजींना तेवढी एकच तारीख येत असावी.
त्या दिवशी बँक मला शुभेच्छा पाठवते,
विमावाला पाठवतो, चष्म्याचं दुकान पाठवतं,
आणि मार्केट यार्डातलं आमचं अख्खं अडत दुकान
माझ्या पैशांनी पेढे आणि भडंग खातं.

आई म्हणायची, छे, तू फाल्गुनातली.
हरिपुरात चौगुल्यांचं पेव फोडलं त्या सकाळची.
बाप तुझा मानेपर्यंत पिवळा होऊन आला
आणि तसल्याच हातांनी तुला उचललं.
पाचवीच्या आधीच तुला हळद लागली.

फाल्गुनातला कितवा, ते दर वर्षी बदलायचं.
कधी होळीच्या आधी, कधी नंतर,
तिला आठवेल तेव्हा फोन यायचा:
"आज हाय बघ तुझा. गोड कायतरी खा."
मी पट्टी लिहीत असायचे. म्हणायचे, बरं.

दोन फाल्गुन झाले, फोन नाही.
यंदा मग दिवस मीच ठरवला.
बुधवार.
मालकांना सांगितलं, दाताचं काम आहे,
आणि स्कूटी हरिपूरच्या रस्त्याला घातली,
चिंचांच्या सावलीतून.

कागदावर सेहेचाळीस. आईच्या हिशेबानं पंचेचाळीस.
मधलं ते एक वर्ष
कुणी जगलं, कधी विचारलंच नाही.

पेवं आता फारशी उरली नाहीत.
पुरात बसली, खचली,
काही बुजवून वर घरं झाली.
चौगुल्यांच्या परड्यात एक आहे अजून.
तोंडावर फरशी. फरशीवर फुटकी बादली.

मी शेजारी बसले.
बाप सांगायचा उतरायची रीत:
"तोंड उघडलं की लगीच आत जायचं न्हाई, पोरी.
वर्षाची कोंडलेली हवा असती.
जाऊ दे ती. मग कंदील सोड दोरीनं.
इझला, तर आपणबी थांबायचं.
जळत ऱ्हायला, तर उतर."

फरशी हलवली नाही. नुसती थांबले.
आधी हवा गेली: मालकांचं कालचं बोलणं, गुडघा,
नवऱ्याची बदली, पोराचे बारावीचे मार्क.
बराच वेळ गेला त्यात.
मग कंदील सोडला.

दोन हात खाली, भाऊ.
हक्कसोडपत्राचा दिवस, कचेरीबाहेरचा चहा.
सही करताना मी हसले होते.
सगळे म्हणाले, किती समजूतदार.
ज्योत हलली. विझली नाही.

पाच हातांवर बी.कॉम.चं दुसरं वर्ष,
अर्धंच राहिलेलं.
वीस वर्षं मी त्याचा दोष सासूच्या नावे टाकला.
उजेडात नीट पाहिलं:
फॉर्म माझ्याच ट्रंकेत, साडीखाली.
नापास व्हायची भीती, चार घड्या घालून.

त्याच्या खाली अजून खोल आहे.
तिथं कंदील विझला.
बापाचं ऐकलं. थांबले.
पुढच्या फाल्गुनात बघू.

चौगुल्यांची सून बाहेर आली. "कोण पाहिजे होतं?"
काय सांगावं सुचेना. म्हटलं, आज वाढदिवस आहे माझा.
ती आत गेली
आणि वाटीत साखर घेऊन आली.

पेवात मुरलेली हळद वजनाला वाढते, बाप म्हणायचा.
मालक म्हणतात, वाढत कसली, ओल धरते.
मी दोघांचंही लिहून घेतलंय.

दुकानात परतून रोजकीर्द उघडली.
समासात, पेन्सिलनं:
आवक: सुनेत्रा, एक नग.
तूट:
इथं पेन्सिल अडली, ती अडूनच राहिली.
खाली दुसरी ओळ घातली:
भावाला फोन. आज नाही. पण याच महिन्यात.

मालकांनी विचारलं, "काय म्हणाले दाताचं?"
"मुळापर्यंत बघितलं," मी म्हटलं.
"दुखतोय, पण काढायचा नाही एवढ्यात."