हॉल्ट क्रमांक सात

दिघोरीच्या पलीकडे नकाशावर
पेन्सिलीनं ही रेघ मी ओढली
तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती.
परवा तिनं बी.एस्सी.चा फॉर्म भरला.
मधल्या काळात रेघ सतरा कपाटं फिरून आली,
दोनदा वाकली:
एकदा तळ्यासाठी,
एकदा कुणासाठी, ते फाइलीत नाही.

स्टाफ धरायला फागो मेश्राम.
मे महिना, सत्तेचाळीस डिग्री,
दुर्बिणीत तो पाण्यासारखा हलायचा.
मी ओरडायचो, "सरळ धर!"
"मी सरळच हावो साहेब,
हवा वाकडी हाय."

खुंटी दोनशे चौदा
नलूबाई सहारेंच्या शिलाई मशीनखाली आली.
त्यांनी माझा टेप बाजूला सारला,
गळ्यातला काढून स्वतः मोजलं.
"आमी ब्लाउज कापतो तं
अर्धा इंच माया सोडतो, भाऊ.
तुमच्यात सोडत नाई का?"
त्या रात्री वळणाची त्रिज्या
चार वेळा बदलून पाहिली.
जमली नाही.

आज चाचणीची गाडी.
सहा बाराची, सहा चाळीसला आली.
फलाटाला अजून नाव नाही,
दोन गावं भांडताहेत;
पिवळ्या पाटीवर नुसता पिवळा रंग.
मेश्राम रिटायर होऊन तीन वर्षं झाली.
डब्यात चढ म्हटलं, चढला नाही.
गाडी गेल्यावर उकिडवा बसला,
एक डोळा मिटून रुळाच्या पाठीवरून पाहत राहिला.
"दोन सूत दबला हाय," म्हणाला.

कुठे, ते मी विचारलं नाही.
लेव्हलची वहीही उघडली नाही.