समोरून

एकेचाळीस वर्षं मी हे नाटक कानानं पाहिलं.
डाव्या विंगेत, पालथ्या डब्यावर बसून,
मांडीवर वही,
वहीवर बॅटरीचा रुपयाएवढा उजेड.
कुमुदिनीबाईंचा मला ठाऊक असलेला चेहरा म्हणजे
एक कान, एक कुडी,
आणि तान घेण्याआधी गळ्याला पडणारा खळगा.

म्हणून कमिटीत ठरलं, नाटकाचं शूटिंग करायचं,
तीन कॅमेरे, माणसं पुण्याहून,
तेव्हा सगळ्यात मोठ्यानं ‘नाही’ मी म्हणालो.
जन्मभर कुजबुजलेल्या माणसाचं मोठ्यानं ते.
शेजारच्या खुर्चीनंही ‘काय?’ म्हणून विचारलं.

मी म्हणालो, वन्समोअर देतात तो काय तेच ऐकायला?
दुसऱ्या खेपेला बाई पंचमावर रेंगाळतात,
तिसऱ्या खेपेला तिथं थांबतच नाहीत,
बाबालाल मुजावर ऑर्गनवरून मान वर करतो,
आता ही कुठं निघाली?
बाहेर भजीवाला कढई उतरवून दारात येतो.
हे तुमच्या डबीत मावणार कसं?

सेक्रेटरी भडंगाचा बकाणा गिळून म्हणाले,
विश्राम, तिकिटं साठ खपतात.
त्यातले वीस जण झोपायला येतात.
कृष्णेचं पाणी आत शिरलं त्या वर्षी
पुढच्या चार रांगा कुजल्या,
खुर्च्या नव्या आणल्या आपण.
माणसं कुठून आणायची?

मे महिन्यात शूटिंग झालं.
पंखे बंद, आवाज येतो म्हणून.
बाईंच्या कपाळावरचा रंग भुवईपर्यंत ओघळलेला.
कानाला यंत्र लावलेल्या पोरानं रसिकांना बजावलं,
वन्समोअर द्यायचा नाही, वेळेचं गणित चुकतं.
मग माझ्याकडं वळून, अदबीनं,
काका, तुमची कुजबुज माइकवर येते.

एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी गप्प बसलो.
आणि नेमक्या दुसऱ्या अंकात बाई अडल्या.
वाक्याच्या मधोमध, उंबऱ्यावर पाय अडावा तशा.
मी वहीवर बोट ठेवून नुसते ओठ हलवले.
तो कान, ती कुडी, जागची हलली नाही.
वाक्य आलं मग.
कुठून आलं, देव जाणे.

श्रावणात उमदीहून फोन.
शाळेतल्या शेवंता बिराजदार बोलत होत्या.
भिंतीला चादर लावून अख्ख्या गावानं नाटक पाहिलं,
घरात कानडी बोलणारीही हलली नाहीत म्हणे.
पद संपलं तसा एक म्हातारा ओरडला, वन्समोअर!
बाईंनी चित्र मागं ओढलं.
तीच तान आली, तोच श्वास,
केसाचाही फरक नाही.
तो पुन्हा ओरडला. पुन्हा तेच.
असं पाच वेळा.
‘दमत नाहीत हो तुमच्या कुमुदिनीबाई,’ त्या हसत म्हणाल्या.

ओठांवर आलं होतं, दमतात.
दमतात म्हणून तर दुसरी वाट काढतात.
पण उमदीकडची शेवटची एसटी
नांदीच्या आधीच सांगली सोडते,
आणि पाच वन्समोअर
आमच्याकडं कुणी दिले त्याला किती वर्षं झाली,
मोजायला गेलो तर बोटं पुरेनात.
मी ‘बरं’ म्हणालो.

त्या रात्री भाच्याच्या मोबाइलवर
मी ते नाटक पहिल्यांदा समोरून बघितलं.
बाईंना डावा कानही आहे आणि उजवाही.
हनुवटीवर एक तीळ आहे, खरा की काढलेला,
कुणाला विचारू आता?
आणि दुसऱ्या अंकात, अडल्या तिथं,
मान तशीच ताठ,
डोळे मात्र सरकले.
पापणी लवायच्या आत, कोपऱ्याकडं,
माझ्या डब्याकडं.

भाचा म्हणाला, मामा, पुढं नेऊ?

रविवारी कमिटीची मीटिंग आहे,
पुढच्या नाटकाचं शूटिंग करायचं की नाही.
माझं मत विचारणार आहेत.
वही चाळून झाली दोनदा.
तिथं माझं वाक्य कुणी लिहिलेलं नाही.