पुरावा

फुकेतला बोटीतून उतरताना
उजवा अंगठा मोडला. ऐन भाद्रपदात.
दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीत
चाळीस घागरे टाचण्यांसकट लटकलेले.
बायका येऊन कापड परत घेऊन गेल्या,
मी ॲडव्हान्स मोजून दिला, डाव्या हातानं.

विम्याचा पंड्या सॅलरी स्लिप मागतो.
मी वही पुढे केली:
'हेमांगिनी. घेर बारा मीटर. आभले जास्त. बाकी सहाशे.'
'बेन, हा तर हिशेब झाला, पुरावा कुठाय?'
फॉर्मवर रकाना: कामाचे किती दिवस बुडाले?
दिवस कसले, पंड्याभाई,
रात्री बुडाल्या.

अष्टमीला मैदानाबाहेर उभी राहिले,
प्लास्टर ओढणीखाली.
कुणाकुणाचे टाके गरगरत होते.
एका पोरीची किनार उसवत आलेली.
तिला हाक मारून थांबवलं,
पर्समधून सुई काढली.

दोरा काही ओवता येईना.