ओंडक्यांवरचं घर

क्वेम्चीच्या सहकारी संघाच्या खोलीत
लाकडाची शेगडी धुमसते आहे.
फळ्यावर मी चार नावं लिहिलीत:
पायथन, पीएचपी, नोड, रुबी.
उपवर मुलीपुढे स्थळं मांडावीत तशी.
प्रत्येकाचे गुण मला पाठ आहेत, खोडीही.
चौघांकडेही मी नांदून आलेय.

हवंय ते थोडंच:
शिंपल्यांच्या दोऱ्या कुणाच्या, कुठल्या होडीत किती पोती,
आणि समुद्र तांबडा होऊन विष उतरलं
की सगळ्यांच्या फोनवर ताबडतोब निरोप.

स्वस्त कुठलं? खजिनदार एडेल्मिरा विचारते.
सगळीच फुकट, मी म्हणते.
ती चष्म्यावरून बघते.
फुकटचं काही तिनं आजवर
दारात बांधलेलं नाही.

नेल्सन सांतियागोहून आलाय, तेवीस वर्षांचा.
त्याला पाचवं नाव लिहायचंय, गेल्या वर्षी जन्मलेलं.
सेकंदाला चाळीस हजार विनंत्या, तो म्हणतो.
आमचे सभासद एकशे बारा.
त्यातले अडतीस
नातवंडांशिवाय फोन उघडत नाहीत.

मी हसत नाही.
त्याच्या वयात मीही असंच एक कोवळं नाव
पुएर्तो मोंतच्या मासळी कारखान्यात नेलं होतं.
दोन वर्षांत ते बनवणारेच
दुसऱ्या कशाच्या तरी मागे निघून गेले,
आणि मी रात्र रात्र जागून
मेलेल्या भाषेत
जिवंत माणसांचे पगार काढत बसले.

रोसामेल चिगुआय इतका वेळ गप्प होता.
सुतार माणूस. अकरा घरं हलवलीत त्यानं.
इथे जागा सोडायची झाली तरी घर सोडत नाहीत.
खालून ओंडके सरकवतात, बैलांच्या जोड्या जुंपतात,
गाव दोर धरतं
आणि पडद्यांसकट घर टेकडी उतरतं,
कधी भरतीवर तरंगत
पलीकडच्या बेटाला लागतं.
अशा इर्जिकीला मिंगा म्हणतात.
मजुरी नाही, जेवण पोटभर.

त्यानं विचारलं,
यातलं कुठलं पुढे ओढून नेता येईल?

शेगडीत एक लाकूड तडकलं.
वेगाचं उत्तर होतं माझ्याकडे, खर्चाचं होतं,
गर्दी झाली तर काय, तेही होतं.
हे नव्हतं.
चाचपडत म्हटलं,
माणसांची नावं, पोत्यांचा हिशेब
साध्या तक्त्यांत वेगळा ठेवू, घराच्या भिंतीत चिणायचा नाही.
खिळे कमी ठोकू.
बाकी दोर धरायला माणसं लागतीलच,
मी असेन, नसेन.

शाळेत कुठली शिकवतात? एडेल्मिरा म्हणाली.
तिची नात नववीत आहे.
पायथन.
मग काय, म्हणत तिनं बाहीनंच
उरलेली तीन पुसली,
नीट नाही, रुबीचा उकार राहिलाच.
नेल्सन फुरंगटून लाकडं आणायला गेला.

रोसामेल अजून फळ्याकडे बघत होता.
म्हणजे अजगर ना? त्यानं विचारलं.
हो.
जू कुठे ठेवायचं त्याच्यावर?
मान कुठे संपते, तेच कळत नाही त्याची.