पान चौतीस

अकरा मुलांची शाळा आहे माझी, चिलोएच्या एका बेटावर.
तपासनीस वर्षातून दोनदा येतो, लाँच चुकली नाही तर.
त्याच्या फॉर्मवर एक चौकोन असतो:
भावपूर्ण वाचन, एक ते चार.

म्हणून मी पान चौतीस रंगवलं.
स्वल्पविरामाला निळी टिकली, तिथे अर्धा श्वास.
पूर्णविरामाला एक वाटाणा डबीत टाकायचा,
तो वाजेपर्यंत पुढचं वाक्य सुरू करायचं नाही.
कोल्हा बोलायला लागला की माझ्या नवऱ्याची टोपी घालायची.

पोरं खूश.
आन्सेल्मो तर उद्गारचिन्ह दिसलं की असा ओरडतो
की धक्क्यावरचे पाणकावळे उडतात.
एर्मिनियाची कोंबडी इतकी रडते
की कोल्ह्यालाच तिची दया यावी.

आणि यास्ना.
यास्ना कोलिवोरो टोपी घालत नाही.
कोल्हा, कोंबडी, म्हातारी, वारा,
सगळ्यांना एकाच पळीनं आवाज वाढते.

मी म्हटलं, "अगं, कोंबडी मरणार आहे. जरा घाबर."
"घाबरायचं ऐकणाऱ्यानं, बाई."
"हे कोणी शिकवलं?"
"रेडिओनं."

आमच्याकडे संध्याकाळी सातला रेडिओवर निरोप वाचतात,
ज्या बेटांवर फोन पोचत नाही त्यांच्यासाठी.
अमक्याची गाय व्याली.
तमकीला गुरुवारी दवाखान्यात बोलावलंय.
पिठाची पोती शनिवारच्या लाँचनं.
वाचणारा माणूस सगळं एका सुरात वाचतो.
मीसुद्धा त्याला कितीदा हसले आहे.

यास्ना निळी टिकली नखानं खरवडत म्हणाली,
"त्या दिवशी त्यानं वाचलं,
वरच्या वाडीतल्या रोसेंदाबाईंना निरोप.
बोट उलटली. तिघे वाचले. नावं अशी.
मग तीन नावं वाचली.
मग थांबला.
फार नाही, बाई. वाटाण्याएवढा.
मग पीठ.

आई बटाटे सोलत होती.
हातातला सोललेला बटाटा तिनं परत सालांत ठेवला.
त्याचा आवाज रडका असता ना,
तर आईला रडायला जागाच उरली नसती."

कोणी डबी वाजवली नाही.
मला काहीतरी बोलायचं होतं.
मी शेगडीत लाकूड सारलं.
ओलं निघालं, नुसताच धूर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पान चौतीस, पुन्हा तीच.
"तुला हवं तसं वाच," मी म्हटलं.
तिनं वाचलं. सपाट.
कोल्हा दारात आला. म्हणाला, उघड.
आणि तिथे, जिथे मी टिकली लावलीच नव्हती,
ती थांबली.

दहा मुलं बाकांवरून पुढे झुकली.
एर्मिनियानं टोपी छातीशी धरली.
मला तर शेवट पाठ आहे,
तरी मी आतून कडी घट्ट धरून होते.

आज तपासनीस आलाय, ओल्या बुटांनिशी.
यास्ना वाचून खाली बसली आहे.
चौकोनावर पेन टेकवून तो विचारतो,
"हिला किती देऊ?"
मी म्हणते, "थांबा."
तो थांबतो.
तेवढ्यात आन्सेल्मोला पुढच्या पानावर
उद्गारचिन्ह दिसतं.